खार ओसरला, पाखरं आली

मेहकरहून लोणारला जाताना वाटेत सुलतानपूर लागतं. या रस्त्यानं येणाऱ्या बहुतेकांना उल्केनं पाडलेलं विवर पाहायचं असतं, आणि पक्षी पाहायला येणारेही पाण्यावरच्या बदकांकडेच दुर्बीण लावतात. उतारावरच्या झाडीत हिवाळा काढणाऱ्या चिमुकल्या गाणाऱ्या पाहुण्यांकडे फारसं कुणी बघत नाही. त्यांची गोष्ट सांगायची तर खारापासून सुरुवात करावी लागते.

विवरातलं हे सरोवर शतकानुशतकं राबतं होतं. काच आणि साबणासाठी लागणारा माल इथे मिळतो आणि त्यातून सरकारला चांगलं उत्पन्न होतं, अशी नोंद आईन-ए-अकबरीत आहे. उन्हाळ्यात पाणी मागे सरलं की काठावर खार साचे. माणसं तो गोळा करत आणि तो डल्ला, खुप्पल, पापडी, भुसकी अशा नावांनी विकला जाई. रंगाऱ्यांना तो लागे, पापडातही पडे. १९१२ साली ला टूश आणि ख्रिस्ती या शास्त्रज्ञांनी लोणारवर लिहिलं, तेव्हा विवराच्या जन्माबरोबर सोड्याचाही हिशेब मांडला. पुढे कारखान्यांतला सोडा बाजारात आला आणि लोणारचा व्यापार बसला.

खार थांबला म्हणून जमीन लगेच सुटली नाही. विवराच्या आत शेती होत होती, गुरं चरत होती, सरपण तुटत होतं. विलायती बाभळीनं काठ धरला. २००० साली अभयारण्य जाहीर झालं. मग आतली शेती बंद झाली आणि उतारावरच्या झाडीला श्वास घेता आला. २०२० साली सरोवर रामसर यादीत गेलं. त्याच वर्षी जूनमध्ये पाणी गुलाबी झाल्याची बातमी सगळीकडे गाजली, उतारावरचं रान मात्र बातमीत आलं नाही.

खरी श्रीमंती त्या रानात आहे. सरोवराचं पाणी खारं आणि इतकं अल्कधर्मी की त्याचा सामू दहाच्या आसपास जातो; पण काठावर गोड्या पाण्याची धार बारमाही वाहते. सप्टेंबर-ऑक्टोबरात उत्तरेकडून रात्रभर उडून आलेल्या पाखराला पहाटे तीनच गोष्टी हव्या असतात: पाणी, किडे आणि आडोसा. इथे तिन्ही हाकेच्या अंतरावर आहेत. हिरवट वटवट्या जेमतेम आठ ग्रॅमचा. पंखावर एक फिकट रेघ असते, ती दिसेपर्यंत पक्षी दुसऱ्या फांदीवर गेलेला असतो. चिंचेच्या शेंड्यात तो पानामागून पान तपासत जातो आणि मधूनच ‘चिस्वी’ करतो. खाली दगडावर थिरथिरा शेपूट थरथरवत बसतो. धोबी पक्षी खाराच्या पांढऱ्या कडेनं धावत माश्या टिपतो. जिथे माणसं खार वेचत होती, तिथेच आता त्याचं पोट भरतं.

वन विभाग विलायती बाभूळ काढतो आहे, ते योग्यच आहे. पण ती एकदम उपटून माळ उघडा टाकला तर छोट्या पक्ष्यांचा आडोसाही जाईल. बोर, पळस, चिंच, देशी बाभूळ आधी रुजावी, मग टप्प्याटप्प्यानं परदेशी झुडूप जावं, असं मला ठामपणे वाटतं. धारावीजवळच्या कचराभूमीवर झाडं लावून, वाढवून १९९४ साली निसर्ग उद्यान खुलं झालं. तिथे जमलं, तर इथे मूळचं रान हाताशी असताना का जमू नये?

विवराबाहेरचंही सांगितलं पाहिजे. मध्य आशियातून येणाऱ्या भोरड्यांचे थवे ज्वारीच्या कणसांवर तुटून पडतात, म्हणून शेतकरी वैतागतो. पण त्याच भोरड्या नाकतोडेही फस्त करतात. ज्वारी हटून सोयाबीन पसरलं, बांधावरच्या बाभळी तुटल्या, आणि या पाहुण्यांचे थांबे विवराबाहेर आक्रसले. अभयारण्याची हद्द पाखरं पाळत नाहीत.

५ ते १२ नोव्हेंबर हा राज्यात पक्षी सप्ताह असतो. सुलतानपूर आणि लोणारच्या शाळांनी त्या आठवड्यात मुलांना धारेच्या वाटेनं खाली न्यावं आणि दिसलेल्या प्रत्येक पक्ष्याचं नाव तारखेसह वहीत लिहून घ्यावं. त्या वह्या दरवर्षी जपून ठेवाव्यात.