व्यावसायिकाच्या देयकाविषयीचा वाद आणि दिवाणी दावा : एक अभ्यास

गोषवारा

वकील, डॉक्टर, वास्तुविशारद, सनदी लेखापाल यांसारख्या व्यावसायिकांची सेवा घेताना मोबदल्याची बोलणी बहुधा तोंडी होतात. कामाच्या अखेरीस आलेले देयक ग्राहकाला अवाजवी वाटते, तो रक्कम रोखून धरतो आणि काही महिन्यांनी त्याच्या हाती न्यायालयाचे समन्स पडते. प्रस्तुत लेखात अशा दाव्याचा कायदेशीर पाया, समन्स मिळाल्यानंतरच्या मुदती, कैफियतीचे स्वरूप आणि हुकूमनाम्याचे परिणाम यांचा परिचय करून दिला आहे. देयक अवाजवी असणे ही एक गोष्ट आणि दाव्याला वेळेत उत्तर न देणे ही दुसरी गोष्ट होय. सुशिक्षित माणसाचे नुकसान बहुधा दुसऱ्या गोष्टीमुळे होते, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

बीजसंज्ञा : देयक, समन्स, कैफियत, एकतर्फी हुकूमनामा, प्रतिदावा, वेतनजप्ती

१. प्रस्तावना

या विषयाकडे वळण्याचे कारण घरगुती आहे. प्रस्तुत लेखिकेचे वडील माध्यमिक शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले. त्यांनी घर बांधण्यासाठी आपल्याच एका माजी विद्यार्थ्याला वास्तुविशारद म्हणून नेमले. बांधकामाचा अंदाज २० लाख रुपये होता आणि मोबदला पाच टक्के ठरला. गुरू-शिष्याचे नाते असल्याने कागद करावा असे कोणालाच वाटले नाही. वडिलांनी ६० हजार रुपये टप्प्याटप्प्याने दिले. बांधकामाचा खर्च प्रत्यक्षात २८ लाखांवर गेला. शेवटच्या देयकात वाढीव खर्चावरचे पाच टक्के, म्हणजे १ लाख ४० हजार रुपये, आणि जागेवरील भेटींचे २५ हजार रुपये आकारले होते. दिलेली रक्कम वजा जाता १ लाख ५ हजार रुपयांची मागणी होती. वडिलांच्या हिशेबाने देणे ४० हजारांचे होते.

त्यांनी फोनवर नाराजी व्यक्त केली आणि विषय संपला असे मानले. वकिलाची नोटीस आली, तेव्हा ‘जे देणे लागत नाही त्याला उत्तर कसले द्यायचे’ असे म्हणून ती बाजूला ठेवली. त्यानंतर आलेले समन्स त्यांनी सही करून घेतले आणि कपाटात ठेवून दिले. दिवाळीच्या सुटीत ते लेखिकेच्या हाती लागले, तेव्हा समन्स बजावल्याला पन्नास दिवस होऊन गेले होते. नेमलेल्या तारखेला कोणी हजर न राहिल्याने दावा एकतर्फी चालविण्याचा आदेशही झाला होता. चाळीस वर्षे मुलांना वेळेचे महत्त्व सांगणाऱ्या माणसाकडून हे घडले. म्हणून हा विषय केवळ अशिक्षितांच्या अज्ञानाचा मानता येत नाही.

२. उद्दिष्टे व अभ्यासपद्धती

(१) व्यावसायिकाच्या मोबदल्याच्या दाव्याचा कायदेशीर आधार समजावून घेणे. (२) समन्स मिळाल्यानंतरच्या टप्प्यांचा व मुदतींचा आढावा घेणे. (३) पगारदार व निवृत्त व्यक्तींवर हुकूमनाम्याचा होणारा परिणाम स्पष्ट करणे.

लेखाची पद्धती वर्णनात्मक व विश्लेषणात्मक असून विवेचन मूळ कायदे आणि सर्वोच्च न्यायालयाचे निवडक निर्णय यांवर आधारलेले आहे.

३. मोबदल्याच्या मागणीचा आधार

लेखी करार नव्हता, म्हणून देणे नाही, असा समज सर्वत्र आढळतो. तो चुकीचा आहे. भारतीय करार कायदा, १८७२ नुसार तोंडी करारही करारच असतो. अडचण फक्त त्याच्या पुराव्याची असते. कराराच्या अटी सिद्ध झाल्या नाहीत तरी याच कायद्याचे कलम ७० उरते. एखाद्याने फुकट करण्याचा हेतू नसताना दुसऱ्यासाठी कायदेशीरपणे काम केले आणि दुसऱ्याने त्याचा लाभ घेतला, तर लाभ घेणाऱ्यावर मोबदल्याची जबाबदारी येते. म्हणून अशा वादात खरा प्रश्न ‘देणे आहे की नाही’ यापेक्षा ‘किती आहे’ हा असतो.

वकिलांच्या बाबतीत विधिव्यवसायी शुल्क अधिनियम, १९२६ ने शुल्कासाठी दावा लावण्याचा हक्क मान्य केला; त्याच कायद्याने निष्काळजीपणासाठी वकिलावर दावा होऊ शकतो हेही स्पष्ट केले. हक्क आणि उत्तरदायित्व एकत्र येतात, हे तत्त्व येथे दिसते.

मात्र व्यावसायिकाच्या मागणीला मर्यादा आहेत. दाव्याच्या निकालावर अवलंबून असणारे शुल्क वकिलाला ठरविता येत नाही. बी. सुनीता विरुद्ध तेलंगण राज्य या २०१७ च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने मिळालेल्या भरपाईच्या टक्केवारीवर मागितलेले शुल्क अमान्य केले आणि त्यासाठी घेतलेल्या धनादेशावरून चाललेला फौजदारी खटला रद्द केला. आर. डी. सक्सेना विरुद्ध बलराम प्रसाद शर्मा या २००० च्या निर्णयानुसार शुल्क थकले म्हणून वकिलाला पक्षकाराची कागदपत्रे अडवून ठेवता येत नाहीत. शुल्कासाठी त्याने स्वतंत्र मार्ग अवलंबावा. वैद्यकीय व्यवसायाच्या २००२ च्या आचारसंहितेत डॉक्टरने आपले शुल्क सेवा देण्यापूर्वी सांगावे, शस्त्रक्रिया वा उपचार सुरू असताना नव्हे, असे म्हटले आहे. सनदी लेखापालांनाही काही अपवाद सोडता नफ्याच्या टक्केवारीवर वा निष्कर्षावर अवलंबून शुल्क आकारण्यास मनाई आहे.

सेवेत त्रुटी असल्यास ग्राहक आयोगाचा मार्ग आहे. तथापि तो सर्व व्यवसायांना सारखा लागू नाही. १९९५ च्या व्ही. पी. शांता निर्णयाने मोबदला घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आणली. मे २०२४ मध्ये मात्र सर्वोच्च न्यायालयाने वकिलांची सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेबाहेर असल्याचा निर्णय दिला. वकिलाविरुद्ध तक्रार असल्यास राज्य वकील परिषद किंवा दिवाणी न्यायालय हेच मार्ग राहतात.

४. दाव्यापूर्वीचा काळ

केलेल्या कामाच्या मोबदल्यासाठी, रक्कम देण्याची वेळ ठरलेली नसल्यास, मुदत कायदा, १९६३ च्या अनुच्छेद १८ प्रमाणे काम पूर्ण झाल्यापासून तीन वर्षांची मुदत असते. ही मुदत संपण्यापूर्वी ऋणकोने देणे मान्य असल्याचे लेखी व सहीनिशी कळविले, तर कलम १८ नुसार तेव्हापासून नवी मुदत सुरू होते. ‘थोडे थांबा, सगळे देतो’ असे सहानुभूतीने लिहिलेले पत्र हा म्हणूनच महत्त्वाचा दस्तऐवज ठरतो.

याचा अर्थ गप्प बसावे असा नाही. देयकाशी असहमती असेल तर ती तत्काळ लेखी कळविणे श्रेयस्कर होय. कोणती बाब मान्य, कोणती अमान्य, अमान्य का, हे बाबवार लिहावे. कामाचा तपशील व भेटींच्या तारखा मागाव्यात. जी रक्कम निर्विवाद आहे ती देऊन पावती घ्यावी. दाव्याचे कारणच त्यामुळे आक्रसते. वडिलांनी ४० हजार रुपये नोटीस आल्यावर दिले असते, तर वाद केवळ ६५ हजारांचा राहिला असता.

५. समन्स आणि मुदती

दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ च्या आदेश ५ नुसार दाव्याची सूचना समन्सने दिली जाते. समन्स नाकारल्याने दावा टळत नाही. प्रतिवादीने ते घेण्यास नकार दिल्याचा शेरा आल्यास न्यायालय समन्स रीतसर बजावले गेले असे जाहीर करते. प्रतिवादी घरी नसेल आणि वाजवी वेळात सापडण्याची शक्यता नसेल, तर कुटुंबातील सज्ञान व्यक्तीवर बजावणी होऊ शकते. घरातील नोकर या व्याख्येत येत नाही. अखेरीस दारावर प्रत चिकटविण्याचीही तरतूद आहे.

समन्स बजावल्यापासून ३० दिवसांत लेखी कैफियत द्यावी लागते. न्यायालय कारणे नोंदवून ही मुदत ९० दिवसांपर्यंत वाढवू शकते. २००५ च्या कैलास विरुद्ध ननकू या निर्णयात ही कमाल मर्यादा सामान्य दाव्यांत अगदी अपवादात्मक परिस्थितीत शिथिल होऊ शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. व्यापारी न्यायालय कायदा, २०१५ खालील दाव्यांत मात्र १२० दिवसांनंतर कैफियतीचा हक्कच संपतो. आपला दावा कोणत्या प्रकारचा आहे, हे वादपत्र हाती येताच वकिलाकडून तपासून घेणे आवश्यक आहे.

आणखी एक प्रकार अधिक सावधगिरीचा आहे. लेखी करारातून निश्चित रक्कम येणे असेल, तर वादी आदेश ३७ खाली संक्षिप्त दावा लावू शकतो. त्यात हजर राहण्यास केवळ दहा दिवस असतात. पुढे निकालासाठीचे समन्स बजावल्यावर आणखी दहा दिवसांत बचावाची परवानगी शपथपत्रावर मागावी लागते. परवानगी न मागितल्यास हुकूमनामा जवळपास अटळ असतो.

नेमलेल्या दिवशी प्रतिवादी गैरहजर राहिल्यास आदेश ९, नियम ६ प्रमाणे दावा एकतर्फी चालतो. हुकूमनामा होण्यापूर्वी योग्य कारण दाखवून नियम ७ खाली पुन्हा उभे राहता येते. हुकूमनामा झाल्यावर नियम १३ खाली तो रद्द करून मागता येतो. त्यासाठी समन्स रीतसर बजावले नव्हते किंवा पुरेशा कारणामुळे हजर राहता आले नाही, हे सिद्ध करावे लागते. मुदत हुकूमनाम्यापासून, आणि समन्स रीतसर बजावलेच नसेल तर माहिती झाल्यापासून, ३० दिवसांची आहे. ‘देयक अवाजवी होते’ हे येथे पुरेसे कारण मानले जात नाही.

६. कैफियत कशी असावी

आदेश ८ नुसार वादपत्रातील प्रत्येक विधान स्पष्टपणे नाकारावे लागते. मोघम नकार हा कबुलीसारखा ठरू शकतो. ‘वादीचे सर्व म्हणणे खोटे आहे’ हे वाक्य कितीही ठसक्यात लिहिले तरी उपयोगाचे नाही. पाच टक्के अंदाजित खर्चावर ठरले होते की प्रत्यक्ष खर्चावर, भेटींचा आकार वेगळा ठरला होता का, भेटी किती झाल्या, अशा एकेका मुद्द्याला उत्तर द्यावे लागते. मागणी सिद्ध करण्याचे ओझे वादीवर असते. पण जे नाकारलेच नाही ते सिद्ध करण्याची त्याला गरज उरत नाही.

सदोष कामामुळे नुकसान झाले असल्यास नियम ६-अ खाली प्रतिदावा करता येतो. त्यास न्यायालय शुल्क लागते आणि पुरावाही. केवळ रागापोटी केलेला प्रतिदावा मूळ बचाव कमकुवत करतो.

आदेश २४ ची तरतूद फारशी माहीत नसते. आपल्या मते जेवढे देणे आहे तेवढी रक्कम प्रतिवादी दाव्याच्या कोणत्याही टप्प्यावर न्यायालयात भरू शकतो. त्याची नोटीस वादीस मिळाल्यानंतर त्या रकमेवर व्याज मिळत नाही. प्रामाणिक मतभेद आणि देणे बुडविण्याची इच्छा यांतील फरक न्यायालयापुढे दाखविण्याचा हा सर्वांत सरळ मार्ग होय.

७. हुकूमनाम्याचा परिणाम

अध्यापक वर्गाच्या दृष्टीने संहितेचे कलम ६० महत्त्वाचे आहे. पोटगीखेरीज अन्य हुकूमनाम्यात वेतनातील पहिले एक हजार रुपये आणि उरलेल्या रकमेचा दोन-तृतीयांश भाग जप्तीपासून सुरक्षित असतो. वेतन ६१ हजार असल्यास ४१ हजार सुरक्षित राहतात व दरमहा २० हजार जप्त होऊ शकतात. एकाच हुकूमनाम्यासाठी अशी जप्ती एकूण २४ महिन्यांपेक्षा अधिक चालत नाही. निवृत्तिवेतन व भविष्य निर्वाह निधी यांनाही संरक्षण आहे. परंतु बँकेतील अन्य ठेवी, वाहन व घर यांना असे सरसकट संरक्षण नाही. शिवाय जप्तीचा आदेश वेतन देणाऱ्या कार्यालयात येतो, म्हणजे खाजगी वाद महाविद्यालयाच्या लेखा विभागापर्यंत पोहोचतो.

८. निष्कर्ष

(१) लेखी करार नसणे हा देणे टाळण्याचा आधार नाही. तो दोन्ही पक्षांच्या अडचणीचा विषय आहे.
(२) देयकाविषयीची हरकत लेखी, बाबवार व वेळेत नोंदवावी आणि निर्विवाद रक्कम द्यावी.
(३) समन्सवरील तारीख आणि बजावणीचा दिवस त्याच दिवशी लिहून ठेवावा व वादपत्रासह वकिलाकडे जावे.
(४) वाणिज्य व समाजशास्त्र शाखांच्या अभ्यासक्रमात समन्स, कैफियत व मुदत यांचा व्यावहारिक परिचय अंतर्भूत करणे उपयुक्त ठरेल.

वडिलांच्या दाव्यात विलंबाचा खर्च भरून एकतर्फी आदेश रद्द झाला आणि नव्वद दिवसांच्या आत कैफियत दाखल झाली. ४० हजार रुपये न्यायालयात भरले गेले. दोन वर्षांनी लोकअदालतीत एकूण ५८ हजारांवर तडजोड झाली. तिच्याविरुद्ध अपील नसल्याने वाद तेथेच संपला. वाढीव खर्चाची बोलणी झाली नव्हती हे वास्तुविशारदाने मान्य केले आणि काही भेटी आपणच आग्रहाने बोलाविल्या होत्या हे वडिलांनी. तडजोडीवर सह्या झाल्यावर त्या माजी विद्यार्थ्याने वाकून नमस्कार केला. वडील म्हणाले, ‘हे सगळे पहिल्याच दिवशी कागदावर लिहून घेतले असते, तर आज तुला इथे यावे लागले नसते.’ दोघांनाही ते पटले. कागद करणे म्हणजे अविश्वास दाखविणे, ही आपली समजूत बदलण्याची गरज आहे. नाते टिकवायचे असेल तर मोबदल्याची बोलणी लिहून ठेवणे हाच त्यावरचा विश्वास होय.