२.२ मायक्रोमीटरची खाच

चिकणमातीतील खनिजांचे कण साधारणपणे दोन मायक्रोमीटरहूनही बारीक असल्यामुळे साध्या सूक्ष्मदर्शकाखाली त्यांची ओळख पटत नाही, आणि प्रयोगशाळेत ती पटवण्यासाठी क्ष-किरण विवर्तनाची जी पद्धत रूढ आहे, तिला मातीचा नमुना हाताशी असावा लागतो. विमानातून किंवा उपग्रहातून हीच ओळख पटवायची झाल्यास जमिनीवरून परावर्तित होणाऱ्या सूर्यप्रकाशावरच विसंबावे लागते. त्या प्रकाशातील डोळ्यांना न दिसणारा, तांबड्यापलीकडचा भाग तरंगलांबीनुसार वेगळा करून कोणती तरंगलांबी किती शोषली गेली हे मोजण्याच्या पद्धतीला अवरक्त वर्णपटमिती म्हणतात.

या खनिजांची रचना पातळ थरांची असते आणि त्या थरांतील हायड्रॉक्सिल गट, म्हणजे धातूच्या अणूला जोडलेल्या ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या, कंप पावत असतात. जोडीतील बंध ताणला जाण्यासाठी सुमारे २.७ मायक्रोमीटरचा, तर अ‍ॅल्युमिनियमशी जोडलेला गट वाकण्यासाठी सुमारे ११ मायक्रोमीटरचा प्रकाश शोषला जातो. दोन्ही कंपने एकदम चेतवायची तर लागणारी एकत्रित ऊर्जा २.२ मायक्रोमीटरच्या प्रकाशाएवढी भरते आणि परावर्तनाच्या आलेखात त्या जागी खाच पडते. या खाचेलाच शोषणपट्टा म्हणतात. अ‍ॅल्युमिनियमऐवजी लोह असल्यास ती २.२९ च्या आणि मॅग्नेशियम असल्यास २.३१ च्या आसपास सरकते. केओलिनाइटमध्ये ती दुहेरी, म्हणजे २.१६ ला उथळ आणि २.२१ ला खोल अशी असते. माँटमोरिलोनाइटमध्ये ती एकेरीच राहते, तर इलाइटमध्ये तिच्या जोडीला २.३५ जवळ आणखी एक फिकट खाच दिसते. माँटमोरिलोनाइटच्या थरांमध्ये पाणी शिरत असल्यामुळे त्याचा १.९ मायक्रोमीटरचा, पाण्याच्या रेणूंचा पट्टाही ठळक असतो. ग्रॅहम हंट आणि जॉन सॅलिस्बरी यांनी १९७० पासून प्रसिद्ध केलेल्या खनिजांच्या वर्णपटांमुळे अशा खुणा ताडून पाहण्याची सोय झाली.

मात्र प्रयोगशाळेतील ही सगळी साधने आकाशातून वापरता येत नाहीत. पृथ्वीच्या वातावरणातील बाष्प १.४ आणि १.९ मायक्रोमीटरचा प्रकाश जवळजवळ पूर्णपणे गिळून टाकते, त्यामुळे मातीतील पाण्याचा ठळक पट्टा हाती लागत नाही आणि सगळी भिस्त २.२ च्या परिसरावर येऊन पडते. १९८२ च्या लँडसॅट-४ या उपग्रहावर भूशास्त्रज्ञांच्या आग्रहाने २.०८ ते २.३५ मायक्रोमीटरचा एक पट्टा घेतला गेला खरा, परंतु तो २७० नॅनोमीटर रुंद होता, तर केओलिनाइटच्या दोन खाचांमधील अंतर जेमतेम ५० नॅनोमीटर आहे. साहजिकच या पट्ट्यावरून चिकणमाती असल्याचा अंदाज येई, ती कोणती हे कळत नसे. १९८७ पासून विमानातून उडू लागलेल्या एव्हिरिस या उपकरणाने ०.४ ते २.५ मायक्रोमीटरचा प्रकाश प्रत्येकी सुमारे १० नॅनोमीटरच्या २२४ भागांत विभागला आणि प्रतिमेतील प्रत्येक ठिपक्याचा सलग आलेख मिळू लागला. अमेरिकेतील नेवाडा राज्यातील कुप्राइट या ठिकाणी उष्ण द्रावणांनी खडक बदलले असून झाडोराही विरळ आहे, म्हणून तेथे या पद्धतीची वारंवार कसोटी घेतली गेली. केओलिनाइट आणि २.१७ जवळ खाच असणारे अ‍ॅलुनाइट यांचे वेगवेगळे नकाशे तेथे काढता आले.

या पद्धतीला मर्यादाही आहेत, कारण अवरक्त प्रकाश पृष्ठभागाचा अगदी पातळ थरच वाचतो. दख्खनच्या एकाच बेसॉल्टपासून निचरा कमी असलेल्या सपाट भागात माँटमोरिलोनाइटच्या गटातील खनिजांनी भरलेली काळी जमीन होते, आणि भरपूर पाऊस व चांगला निचरा असलेल्या कोकणात केओलिनाइट असलेला जांभा होतो. पण पीक उभे असताना यातला फरक वरून वाचता येत नाही, आणि उन्हाळ्यात जमीन उघडी पडली तरी काळ्या मातीचे परावर्तन कमी असल्यामुळे खाच फिकी पडते.

मंगळावर मात्र पिकांची आणि बाष्पाची अडचण नाही. तेथे वनस्पती नाहीत आणि विरळ हवेत बाष्प नगण्य आहे, त्यामुळे मार्स एक्सप्रेस या यानावरील ओमेगा आणि त्यानंतरच्या क्रिझम या उपकरणांना २.२९ ते २.३१ च्या खाचांबरोबर १.९ चा पट्टाही वाचता आला. मॉर्थ व्हॅलिस येथे लोह-मॅग्नेशियमयुक्त मातीवर अ‍ॅल्युमिनियमयुक्त मातीचे थर आढळले. ओल्या पृथ्वीवर हवेतील बाष्पाआड दडणारी पाण्याची खूण कोरड्या मंगळावरच स्पष्ट दिसावी, हे या पद्धतीचे वैशिष्ट्य म्हणावे लागेल.