विकिपीडियाचं पान विकत मिळतं का?

माझा मावसभाऊ सांगलीत हळद-मसाल्याच्या धंद्यात आहे. मागच्या दिवाळीत त्याला एका डिजिटल मार्केटिंगवाल्याचा फोन आला. "साहेब, तुमच्या ब्रँडचं विकिपीडियावर पान करून देतो. गुगलवर नाव टाकलं की उजवीकडे चौकट दिसेल. आमची आत ओळख आहे." आगाऊ रक्कम पाच आकडी. भावाने मला विचारलं, "दादा, देऊन टाकू का?"

नको म्हटलं. पण का नको, हे सांगता सांगता जेवण थंड झालं.

गैरसमज: आत ओळख असली की काम होतं.

'आत' म्हणजे कुठे? विकिमीडिया फाउंडेशन ही सॅन फ्रान्सिस्कोची संस्था सर्व्हर चालवते, देणग्या गोळा करते. लेख तिचे कर्मचारी लिहीत नाहीत. जगभरातले बिनपगारी हौशी लोक लिहितात आणि एकमेकांचं खोडतात. ओळख सांगणारे कसे काम करतात ते 2015 मध्ये उघड झालं. 'ऑरेंजमूडी' या नावाने ते प्रकरण ओळखलं जातं. त्यातली टोळी नाकारल्या गेलेल्या लेखांवर लक्ष ठेवायची, त्या उद्योजकाला किंवा कलाकाराला गाठायची, "आम्ही पान पास करून देतो" म्हणून पैसे घ्यायची. पान झळकलं की ते 'सांभाळण्यासाठी' दर महिन्याला पुन्हा पैसे. थोडक्यात, हप्ता. इंग्रजी विकिपीडियाने एका झटक्यात 381 बनावट खाती बंद केली आणि 210 लेख उडवले. पैसे देणाऱ्यांना काय मिळालं, तर पानही गेलं आणि पैसेही.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी. खरोखर आत असलेला माणूस पक्षपाती निघाल्याचं उदाहरण आपल्याच देशातलं आहे. 'आयआयपीएम' या व्यवस्थापन शिक्षण संस्थेच्या इंग्रजी पानावर 'विफिओन' नावाचा सदस्य वर्षानुवर्षं काम करत होता. तो साधा सदस्य नव्हता, प्रचालक (अ‍ॅडमिन) झाला होता. संस्थेला अडचणीचा मजकूर हळूच बाजूला सारायचा, कौतुकाचा पुढे आणायचा, आणि हे सगळं नियमांची भाषा बोलत. फेब्रुवारी 2015 मध्ये विकिपीडियाच्या लवाद समितीने त्याच्यावर बंदी घातली. तोवर त्या पानावर विसंबून किती मुलांनी फी भरली असेल, याचा हिशेब कोणाकडेच नाही. विकिपीडिया आपोआप शुद्ध होत राहतो असं म्हणणाऱ्यांना मी हेच प्रकरण वाचायला सांगतो.

गैरसमज: कंपन्या खोटं घुसवतात, ते वाचताना लक्षात येतंच.

घुसवलेलं लक्षात येतं. काढलेलं येत नाही. 17 नोव्हेंबर 2005 रोजी मतदान यंत्रं बनवणाऱ्या डीबोल्ड या अमेरिकी कंपनीच्या पानावरून कोणीतरी 15 परिच्छेद पुसले. यंत्रांच्या सुरक्षिततेवरची टीका त्यात होती. उरलेलं पान अगदी नीटनेटकं, कुठेही एक शब्द खोटा नाही. मजकूर परत आला, पण पुसणारा कोण ते कळायला 2007 साल उजाडलं. व्हर्जिल ग्रिफिथ या विद्यार्थ्याने 'विकिस्कॅनर' नावाचं साधन बनवलं. खातं न उघडता केलेल्या बदलांपुढे तेव्हा आयपी पत्ता दिसायचा; तो पत्ता कोणत्या संस्थेचा, हे त्याने जुळवून दाखवलं. पत्ता डीबोल्डच्याच कार्यालयाचा निघाला.

फोटोंचंही तेच. 2019 मध्ये द नॉर्थ फेस या कंपनीसाठी ब्राझीलमधल्या एका जाहिरात संस्थेने पर्यटनस्थळांच्या पानांवरचे फोटो बदलून कंपनीचे कपडे आणि पिशव्या दिसतील असे फोटो चढवले. वर त्याचा व्हिडिओ काढून फुशारकीही मारली. त्यानेच ते पकडले गेले, कंपनीला माफी मागावी लागली.

गैरसमज: पैसे घेऊन लिहायला बंदी आहे.

नाही. लपवायला बंदी आहे. 2013 मध्ये पैसे घेऊन पानं लिहून देणाऱ्या 'विकि-पीआर' या अमेरिकी कंपनीशी जोडलेली अडीचशेहून अधिक खाती सापडली. त्यानंतर जून 2014 पासून वापराच्या अटींमध्येच कलम आलं: मोबदला घेऊन संपादन करत असाल तर तो कोण देतो आणि कोणासाठी लिहिता, ते जाहीर करा. आणि शिष्टाचार असा की थेट लेखाला हात न लावता चर्चा पानावर बदल सुचवायचा, निर्णय तिऱ्हाइताने घ्यायचा. स्वतःच्या पानाला हात लावायचा मोह कंपन्यांनाच होतो असंही नाही. 2005 मध्ये संस्थापक जिमी वेल्स स्वतःच्याच पानावर सहसंस्थापक लॅरी सँगर यांचा उल्लेख बदलताना आढळले होते!

गैरसमज: माझ्याबद्दलचं मला सगळ्यांत जास्त माहीत, मग मी दुरुस्त केलं तर बिघडलं कुठे?

कादंबरीकार फिलिप रॉथ यांनाही असंच वाटलं. 'द ह्यूमन स्टेन'चा नायक कोणावरून सुचला, याबद्दल पानावर चूक आहे असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांच्या वतीने दुरुस्तीचा प्रयत्न झाला. उत्तर आलं, लेखकाचा शब्द पुरेसा नाही, स्वतंत्र प्रकाशित आधार दाखवा. चिडून त्यांनी 2012 मध्ये 'न्यूयॉर्कर'मधून जाहीर पत्र लिहिलं, आणि तेच पत्र आधार ठरलं. हास्यास्पद वाटतं खरं. पण हाच नियम सैल केला तर उद्या प्रत्येक कारखानदार 'माझ्या कारखान्याचं मलाच जास्त माहीत' म्हणत प्रदूषणाचा परिच्छेद पुसेल.

मराठीत हे चालत नाही, आपला विकिपीडिया छोटा आहे, असंही ऐकू येतं. मला उलट वाटतं. वापराच्या अटी मराठीलाही लागू आहेत, पण नजर ठेवणारे हात मोजके. इंग्रजीत एखादी जाहिरात काही तासांत उडते, तशीच मराठीत महिनोन्महिने राहू शकते. 'नावाजलेली', 'अग्रगण्य', 'अल्पावधीत लोकप्रिय' अशी विशेषणं आणि संदर्भाला कंपनीचंच संकेतस्थळ दिसलं, की वर 'इतिहास पहा' दाबा. कोणी, केव्हा, किती मजकूर घातला-काढला, ते तारखेसकट दिसतं. एकाच सदस्याने फक्त त्या एकाच पानावर काम केलेलं असेल, तर चर्चा पानावर दोन ओळींची शंका टाका. त्यासाठी खातंही लागत नाही.

भावाने पैसे दिले नाहीत. त्याच्या हळदीवर आजवर कुठल्या वर्तमानपत्रात दोन परिच्छेदही छापून आलेले नाहीत. विकिपीडियावर त्याचं पान नाही, ते त्यामुळे.