तिकिटावरची बशी

गुलाबी, फिकट हिरव्या, मधाच्या रंगाच्या काचेच्या बशा अमेरिकेतल्या जुन्या बाजारांत हटकून दिसतात. माझी मुलगी ओहायोत असते. तिच्याकडे गेलो की माझा शनिवार या बशांपायी जातो. ‘डिप्रेशन ग्लास’ म्हणतात या काचेला. नाव उदास, पण काच मोठी हसरी!

डिप्रेशन म्हणजे १९२९ नंतरची महामंदी. १९३० ते १९३३ या काळात तिथल्या सुमारे ९,००० बँका बुडाल्या. उभा जन्म बँकेत काढलेल्या माझ्यासारख्याला हा आकडा नुसता वाचूनही धस्स होते. ज्या घरांतल्या ठेवी गेल्या, त्याच घरांत ही रंगीत काच आली. तीही जवळजवळ फुकट. ओट्सच्या डब्यात एखादा नग निघायचा. प्रेक्षक कमी असतील त्या वारी चित्रपटगृहवाले तिकिटावर एक बशी द्यायचे. म्हणजे संच पुरा करायचा तर दर आठवड्याला पिक्चर पाहणे आले! हॉकिंग, हेझल-ॲटलस, जेनेट या कंपन्या यंत्रावर हा माल धडाधड काढत.

आता ही काच ओळखायची कशी? बहुतेक नगांवर कारखान्याची खूण नसतेच, तेव्हा सारी भिस्त नक्षीवर. ती साच्यातच कोरलेली, म्हणून काचेवर किंचित उठून येते, बोटाला लागते. साच्याची शिवण, बारीक बुडबुडे, एखादी सुरकुती यांना नवखा माणूस दोष समजतो. स्वस्त मालाची ती जन्मखूणच असते.

पण नकली मालही आहेच. जेनेटच्या ‘चेरी ब्लॉसम’ नक्षीच्या नकला १९७३ पासून बाजारात आल्या. भातुकलीच्या पहिल्या नकली कपांवर चेरी उलट्या लटकत होत्या! बोभाटा होताच साचा सुधारण्यात आला. खोट्या नोटा छापणारे आणि हे, एकाच शाळेतले.

बँकेत नोटा तपासायचा जांभळा दिवा असतो ना, तसा चिमुकला दिवा तिथले शौकीन खिशात बाळगतात. अंधारात त्याच्या झोताने काही हिरव्या बशा पोपटी उजेडात पेटून उठतात. त्यांत युरेनियम असते. मात्र त्यावर भुलू नये. अशी काच मंदीच्या आधीही होत होती, नंतरही झाली. दिवा काचेत काय आहे ते सांगतो. ती कधीची, कुणाची, ते नाही.

गेल्या खेपेला ऐंशी पार केलेल्या एका बाईंनी आपल्या आईच्या गुलाबी बशा विकायला मांडल्या होत्या. नग सात. आठवी फुटली का, म्हणून विचारले.

“नाही. त्या आठवड्यात तिकिटाला पैसे नव्हते, असं आई सांगायची.”

जाणकार अपुऱ्या संचाला कमी भाव देतात. मुलीने घासाघीस न करता सातही बांधून घेतल्या. त्यांतली एकही विमानातून न्यायची नाही, असे मला बजावून ठेवले आहे.