‘नांव कटणें’ आणि ‘बडतर्फ’

पलटणींतील शिपायाची चाकरी सुटली म्हणजे त्याचे सोबती ‘उसका नाम कट गया’ असें म्हणत. लष्करी हिंदुस्थानींतील हा बोलीप्रयोग जुनीं दफ्तरें चाळणारांस चकवितो, म्हणून त्याचा थोडा विचार येथें करितों.

याचें मूळ यादींत आहे. अल्लाउद्दीन खिलजीनें (१२९६–१३१६) स्वाराचें वर्णन लिहून ठेवण्याची व घोड्यास डाग देण्याची पद्धत घातली; पुढें शेरशहानें व अकबरानें ती पुन्हां अंमलांत आणिली. मोगली लष्करांत या वर्णनपत्रास ‘चेहरा’ म्हणत, आणि चाकरीस लागणें म्हणजे ‘चेहरा होणें’. जी चाकरी लिहिण्यानें सुरू होते ती खोडण्यानें संपावी, हें ओघानेंच आलें. मराठी वाचकाचा घोटाळा निराळाच! आपल्याकडे ‘नांव काढणें’ म्हणजे कीर्ति मिळविणें. पटावरून दूर करणें यास आपण ‘नांव कमी करणें’ म्हणतों.

दफ्तरी शब्द मात्र ‘बडतर्फ’. फारसी ‘बर’ म्हणजे वर आणि ‘तरफ’ म्हणजे बाजू. मिळून, बाजूस सारलेला. याचें मूळ रूप ‘बरतर्फ’, आणि नेमणें-काढणें या अर्थी ‘बहाल-बरतर्फ’ ही जोडीही रूढ होती. ‘बरखास्त’, ‘बरकरार’ यांतील ‘बर’ जसाच्या तसा राहिला. येथें तेवढा ‘र’चा ‘ड’ झाला. ‘बडा’ शब्दाशी याचा संबंध जोडणें आम्हांस निराधार वाटतें. मोडी कागदांतील ‘बरतर्फ’ हा लेखनप्रमाद समजून नक्कल करितांना तो ‘सुधारूं’ नये, हें सांगणें अवश्य आहे.

अर्थाची गोष्ट अधिक नाजूक. आज बडतर्फी म्हटली कीं अपराध आलाच. १९५० च्या लष्करी कायद्यांतही बडतर्फी व सेवामुक्ति हे प्रकार वेगळे आहेत. जुन्या शब्दांत मूळचा अर्थ चाकरीवरून दूर करणें एवढाच. १८१८ त पेशवाई बुडाली तेव्हां कित्येक शिपाई कांहीं दोष नसतां चाकरीस मुकले. घरच्या कागदांत पूर्वजाच्या नांवापुढें हा शब्द दिसला म्हणून त्यास कलंकित ठरविणें, किंवा लाजेनें तो कागद दडविणें, दोन्ही अनुचित.

नांवावरील रेघेचेंही तसेंच. ती मृत्यूची, बदलीची, पळून जाण्याची किंवा रीतसर निरोपाचीही असूं शकते. यास्तव संग्राहकांनीं यादी छापतांना शेऱ्याचा रकाना गाळूं नये.