तगर ते तेर : गावनावांतील झाडे आणि राजे

तेर हे दोन अक्षरांचे नाव सुमारे दोन हजार वर्षांचा प्रवास करून आपल्यापर्यंत आले आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिल्या गेलेल्या ‘पेरिप्लस’ या सागरी व्यापाराच्या ग्रंथात पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर ‘तगर’ नावाचे मोठे नगर असल्याची नोंद आहे. तेथील कापड गाड्यांतून भडोच बंदराकडे जात असे. हे तगर कोणते, याविषयी बराच वाद झाला; देवगिरी, जुन्नर अशी नावे पुढे आली. अखेर १९०१ मध्ये जे. एफ. फ्लीट यांनी तगर म्हणजेच तेर असे प्रतिपादन केले व ते मान्य झाले.

तगरचे तेर कसे झाले? प्राकृतात दोन स्वरांमधला ‘ग’ गळून पडतो. तगर, तयर, तेर अशी ही पायरी आहे. ‘नगर’ शब्दही याच वाटेने गेला आणि संगमनेर, अमळनेर, जामनेर ही नावे घडली. पिंपळनेरात तर झाड आणि नगर एकत्र नांदतात. शिलाहार राजे मात्र कोकणात व कोल्हापुरात राज्य करीत असतानाही स्वतःस ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवीत. ताम्रपटांच्या संस्कृताने जुने रूप जपले, बाजारातल्या बोलीने ते झिजवले.

‘तगर’ हे वनस्पतीचेही नाव आहे. आज आपण अंगणातल्या पांढऱ्या फुलांच्या झुडपाला तगर म्हणतो. प्राचीन वाङ्मयात ते एका सुगंधी द्रव्याचे नाव होते. धम्मपदाच्या पुप्फवग्गात चंदन व मल्लिका यांच्यासोबत तगराचा उल्लेख येतो. नगराचे नाव त्यावरूनच पडले असे ठामपणे म्हणता येत नाही. तरीही ज्या गावातील त्रिविक्रम मंदिराची विटांची वास्तू मुळात बौद्ध चैत्यगृह होती असे अभ्यासक मानतात, त्या गावाचे नाव आपल्या विद्यार्थ्यांना धम्मपदात भेटावे, याचे मला अप्रूप वाटते.

इतर नावे सरळ आहेत. कळंब म्हणजे कदंब. वडगाव, बोरगाव, चिंचोली, पळसगाव यांचा अर्थ सांगावा लागत नाही. रहिवासी समोरच्या झाडाचे नाव गावाला देतात. राज्यकर्ते आपले देतात. सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या नावाला फारसी ‘आबाद’ जोडून धाराशिवचे उस्मानाबाद झाले. २०२३ मध्ये जुने नाव परतले. दूरच्या कॅरिबियन बेटांतही हेच दिसते. १४९८ मध्ये कोलंबसाने एका बेटाला ‘त्रिनिदाद’ हे ख्रिस्ती त्रैक्याचे स्पॅनिश नाव दिले. ‘बार्बाडोस’ म्हणजे दाढीवाले. हे नाव वडाच्या जातीतील एका झाडाच्या लोंबत्या पारंब्यांवरून पडले असे मानतात.

तिसऱ्या प्रकारची नावे ना झाडावरून पडली, ना राजावरून. महारवाडा, मांगवाडा ही नावे इतरांनी ठेवली; तेथे राहणाऱ्यांना कोणी विचारले नाही, आणि आपल्यापैकी अनेकांच्या वाडवडिलांचा पत्ता मात्र तोच राहिला. डिसेंबर २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळाने अशी जातिवाचक नावे बदलून समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर यांसारखी नावे देण्याचा निर्णय घेतला. संगमनेरात झिजलेला ‘नगर’ शब्द येथे अखंड आहे. अनेक वस्त्यांनी तर शासननिर्णयाच्या कितीतरी वर्षे आधी ‘भीमनगर’ ही अक्षरे आपल्या कमानीवर स्वतः रंगवली होती.