शाईतील प्राणी, संग्रहातील विवेक

जपानमध्ये भिंतीवर टांगण्याच्या गुंडाळीचित्राला ‘काकेमोनो’ म्हणतात. कागदावर किंवा रेशमावर शाईने काढलेले चित्र, त्याभोवती कापडाची किनार आणि खाली लाकडी दांडी, अशी त्याची रचना असते. ऋतू पाहून ते बैठकीच्या कोनाड्यात काही दिवस लावतात आणि पुन्हा गुंडाळून लाकडी पेटीत ठेवतात.

प्राणी हा या चित्रकारांचा आवडता विषय. क्योतोच्या मारुयामा ओक्यो (१७३३–१७९५) यांनी कुत्र्याची पिल्ले जिव्हाळ्याने रंगवली. जपानच्या रानात वाघ नव्हता. म्हणून त्यांनी वाघाच्या कातड्यावरून अभ्यास केला. ओसाकाचे मोरी सोसेन (१७४७–१८२१) माकडांच्या चित्रांसाठी ख्यातनाम झाले. सुमारे १८०७ पासून ते आपल्या नावातील पहिले अक्षर ‘माकड’ या अर्थाच्या चिन्हाने लिहू लागले. त्यामुळे स्वाक्षरीवरून चित्राचा काळ अजमावता येतो. मात्र त्यांच्या चित्रांच्या नकलाही पुष्कळ झाल्या. म्हणून रेषेतील जोर, कागदाचे वय आणि पेटीवरील लेख हे सारे ताडून पाहावे लागते.

अहिंसा मानणाऱ्या संग्राहकापुढे आणखी एक प्रश्न उभा राहतो. ही शाई काजळी आणि जनावरांच्या कातडी-हाडांच्या सरसापासून बनते. पट पुष्कळदा रेशमाचा असतो, तर काही जुन्या दांड्यांची टोके हस्तिदंताची असतात. दोनशे वर्षांपूर्वी घडलेली हिंसा आज पुसता येत नाही. पण आपल्या मागणीने नव्या हिंसेला उत्तेजन मिळू नये, एवढे आपल्या हाती असते. कागदी पट आणि लाकडी टोके असलेले चित्र निवडता येते. हस्तिदंत तर कायद्यानेही वर्ज्य आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यातील १९९१ च्या दुरुस्तीने परदेशी हस्तिदंताचा व्यापारही भारतात बंद झाला.

जपणूक हा संग्राहकाचा खरा धर्म. गोदावरीकाठच्या गेवराई तालुक्यात उन्हाळ्याची कोरडी हवा कागदाला ठिसूळ करते आणि पावसाळ्याची ओल बुरशी आणते. चित्र थोडेच दिवस टांगावे, उन्हापासून व समईच्या धुरापासून दूर ठेवावे आणि सैलसर गुंडाळावे. जपानी घरांत कोरड्या दिवसांत अशा वस्तूंना हवा देण्याची रीत आहे. आपल्याकडे ज्ञानपंचमीला ग्रंथभांडारातील पोथ्या उघडून, झाडून पुन्हा बांधल्या जातात. पावसाळा सरल्यावर येणारी ती कार्तिक शुद्ध पंचमी चित्राची गुंडाळी उलगडण्यासही उत्तम मुहूर्त होय.